हातगोळ्याची वात : गाविलगड ते बाजारगाव

१५ डिसेंबर १८०३ च्या सकाळी दहाच्या सुमारास इंग्रजी फौज गाविलगडाच्या उत्तरेकडच्या तटाला पाडलेल्या खिंडारातून आत शिरली. नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडातला हा सर्वांत बळकट किल्ला. पंधरवड्यापूर्वी, २९ नोव्हेंबरला, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांचा पराभव झाला होता आणि तिथून मागे हटलेले त्यांचे कवायती पायदळ या किल्ल्यात येऊन थांबले होते. हल्ल्याच्या तोंडाशी कोणाला पाठवले हे आर्थर वेलस्लीने (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) आपल्या अहवालात नोंदवून ठेवले आहे. ९४ व्या रेजिमेंटच्या आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखालच्या देशी पलटणींच्या ‘फ्लँक कंपन्या’.

त्या काळच्या पलटणीत बहुतेक कंपन्या मधोमध उभ्या राहत आणि निवडक कंपन्या दोन्ही टोकांना. त्या या फ्लँक कंपन्या. गोऱ्या पलटणीत एका टोकाला चपळ शिपायांची ‘लाइट’ कंपनी असे आणि दुसऱ्या टोकाला उंच, धिप्पाड शिपायांची ‘ग्रेनेडिअर’ कंपनी. कंपनी सरकारच्या देशी पलटणींतही ग्रेनेडिअर कंपन्या होत्या. ग्रेनेडिअर म्हणजे ग्रेनेड फेकणारा, हातगोळेवाला. पण गाविलगडच्या खिंडारात शिरलेल्या या हातगोळेवाल्यांच्या हातात हातगोळा नव्हता. बंदूक होती आणि तिला लावलेली संगीन होती. हातगोळा त्यांच्या नावातच तेवढा उरला होता.

शस्त्र गेले, नाव राहिले आणि त्या नावाबरोबर सर्वांत पुढे जाण्याचा धोकाही राहिला, असे का झाले? या प्रश्नामागे लागलो तेव्हा मला असे वाटू लागले की हातगोळ्याचा इतिहास दारूगोळ्याच्या प्रगतीपेक्षा वेगळ्या अंगाने वाचायला हवा. वात पेटल्यापासून गोळा फुटेपर्यंत काही सेकंद जातात. त्या सेकंदांचा धोका कोणाच्या अंगावर येतो, याचा तो इतिहास आहे.

सुरुवात शब्दापासून करू. ग्रेनेड हा शब्द फ्रेंचांकडून आला आणि त्याचा अर्थ डाळिंब. आकार तसाच, वरचे तोंड तसेच आणि आत दाण्यांसारखी भरलेली दारू. आपल्याकडे डाळिंबाला फारसीतून आलेला शब्द अनार, आणि दिवाळीत मुले जे पेटवतात तेही अनार. एकाच फळावरून एकीकडे युद्धाच्या वस्तूला नाव मिळाले आणि दुसरीकडे सणाच्या. फारसी इतिहासकार मात्र हातगोळ्याला ‘हुक्का’ म्हणत. हुक्का म्हणजे मूळची डबी, करंडा. तंबाखूचा हुक्का आणि दारूचा हुक्का हे सख्खे भाऊ. औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमांचे फारसी वृत्तांत वाचताना किल्ल्यावरून खाली येणाऱ्या दगडांबरोबर बाण आणि हुक्के वारंवार भेटतात. मराठीत ‘कुलपी गोळा’ असा आणखी एक शब्द आहे, तो आत दारू भरलेल्या, पडल्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्याचा.

हुक्का किल्ल्यात का टिकला, हे गाविलगडासारख्या जागी उभे राहिले की कळते. तटावरच्या माणसाला जोर लावावा लागत नाही, दरी त्याच्यासाठी काम करते. गोळा हातातून सोडला की तो आपोआप दूर जातो. शिवाय फेकणारा तटाच्या आडोशाला असतो. वात लवकर जळली तरच त्याच्यावर संकट. सपाट रानात यातले काहीच नसते. दंडाच्या जोरावर गोळा वीस-पंचवीस पावलांपलीकडे नेणे हे एकच काम, आणि तेही समोरून बंदुकीच्या गोळ्या येत असताना.

सतराव्या शतकात युरोपातल्या सैन्यांनी नेमके हेच काम काही शिपायांना वेगळे काढून दिले. चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये १६६७ च्या सुमारास प्रत्येक कंपनीत चार-चार ग्रेनेडिअर नेमले गेले. १६७८ मध्ये इंग्लंडच्या सैन्यात असे शिपाई दिसू लागले, तेव्हा जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्यांची दखल घेतली. लोखंडी पोकळ गोळा, त्यात दारू, तोंडाला वात. एका हातात हा गोळा, दुसऱ्या हातात सतत धुमसणारी जामगी. बंदूक पाठीवर अडकवायची, जामगी फुंकायची, वात पेटवायची आणि मग फेकायचे. रुंद काठाची टोपी हात वर नेताना आड येई, म्हणून ग्रेनेडिअरला बिनकाठाची उंच टोपी मिळाली. त्या टोपीने माणूस आणखी उंच दिसे. उंची पुढे मानाची खूण झाली. मुळात ती फेकण्याच्या सोयीसाठी होती.

यातली मेख वातीत होती. वात हाताने वळलेली, दारू हाताने भरलेली. दमट हवेत वात विझे, कोरड्या हवेत झपकन जळे. लवकर फेकला तर समोरचा तो लाथेने उडवी किंवा उचलून परत फेकी, उशीर केला तर हातातच फुटे. पेटलेली जामगी आणि दारूने भरलेली पिशवी एकाच अंगावर घेऊन चालणारा माणूस शेजाऱ्यांनाही नकोसा वाटला असणार. अठराव्या शतकात बंदुका सुधारल्या, रांगेत उभे राहून बार काढण्याची पद्धत पक्की झाली आणि उघड्या मैदानावरून हातगोळा हळूहळू नाहीसा झाला. तो किल्ल्यांत आणि जहाजांवर तेवढा उरला.

सैन्याला मात्र सवय लागली होती. धिप्पाड, न डगमगणारी माणसे वेगळी काढून ठेवलेली होती. काम अवघड असेल तेव्हा त्यांनाच पुढे पाठवायचे, ही रीत होती. गोळा गेला तरी ही रीत गेली नाही. खिंडारात आधी कोणी शिरायचे? ग्रेनेडिअरने.

आता पुन्हा गाविलगडाकडे येऊ. किल्ला दक्षिणेकडून, वऱ्हाडच्या मैदानातून पाहिला तर छाती दडपते. उत्तरेकडे मात्र तो चिखलदऱ्याच्या पठाराला जोडलेला आहे. तीच त्याची कमजोर बाजू, हे वेलस्लीने ओळखले. स्टीव्हन्सनच्या माणसांनी ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत मेळघाटाच्या डोंगरातून वाट काढत तोफा वर ओढून नेल्या. वेलस्लीने या श्रमाचे कौतुक केले आहे. ज्यांच्या खांद्यांनी आणि ज्या बैलांनी त्या तोफा ओढल्या, त्यांची नावे अर्थातच त्यात नाहीत. दोन दिवसांच्या माऱ्यानंतर तट ढासळला. पंधरा तारखेला लेफ्टनंट कर्नल केनीच्या हाताखाली फ्लँक कंपन्या आत गेल्या आणि केनी स्वतः जबर जखमी झाला. त्याच वेळी वेलस्लीच्या दोन तुकड्या दक्षिणेकडच्या आणि वायव्येकडच्या दरवाजांवर चालून गेल्या, म्हणजे किल्लेवाल्यांचे लक्ष फाकावे.

बाहेरचा किल्ला पडला, पण आतला पडायचा होता. मध्ये खोल घळ, पलीकडे दुसरा तट, आणि दरवाजाकडे जाणारी वाट अरुंद. इथे कॅप्टन कॅम्पबेलने ९४ व्या रेजिमेंटची लाइट कंपनी घेऊन कड्याचा एक चढता येण्याजोगा भाग गाठला, शिड्या लावल्या, तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याचे प्रेत दरवाजाजवळच्या प्रेतांच्या ढिगात सापडले. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावला तह झाला. भोसल्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, आणि गाविलगड व अकोल्याकडचा नरनाळा हे दोन किल्ले तेवढे त्यांच्याकडे राहिले. वऱ्हाड निजामाकडे गेले.

ज्यांनी हे घडवले ते शिपाई बहुतेक इथलेच, म्हणजे दख्खनचे आणि दक्षिणेचे होते. नाव इंग्रजी, रचना इंग्रजी, धोका देशी. ग्रेनेडिअर या नावाची पुढची कहाणी महाराष्ट्रात आणखी एका ठिकाणी जाते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा इथे पेशव्यांच्या फौजेशी लढलेली पलटण मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल तिला ग्रेनेडिअर हा किताब मिळाला. आजच्या भारतीय सैन्यातल्या ‘द ग्रेनेडिअर्स’ रेजिमेंटचे मूळ मुंबईच्या अशाच पलटणींत आहे, आणि पेटलेला गोळा हे तिचे जुने चिन्ह आहे. कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी महार शिपायांची नावे बरीच आहेत. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या आणि महारांची लष्करभरती बंद केली. ग्रेनेडिअर हा मान पलटणीकडे राहिला, ज्यांनी तो मिळवला त्यांच्या नातवंडांना मात्र पलटणीचे दार बंद झाले. नाव आणि माणूस यांची फारकत इथे दुसऱ्यांदा झाली.

हातगोळा स्वतः परत आला तो खंदकांच्या युद्धात. रशिया-जपान युद्धात, १९०४-०५ च्या पोर्ट आर्थरच्या वेढ्यात तो पुन्हा दिसला आणि १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात त्याच्यावाचून चालेनासे झाले. समोरासमोरचे खंदक काही ठिकाणी हाकेच्या अंतरावर होते. बंदुकीची गोळी सरळ जाते, खंदकात वळून उतरत नाही. म्हणजे किल्ल्याचीच परिस्थिती होती, फक्त तट जमिनीखाली गेले होते. ब्रिटिश सैन्याकडे हातगोळे अगदी थोडे होते. त्या हिवाळ्यात भारतीय कोअरच्या सॅपर्सनी जॅमचे रिकामे डबे घेतले, त्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरले, वात लावली आणि कामचलाऊ हातगोळे बनवले. अडीचशे वर्षांपूर्वीचा ग्रेनेडिअर पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला, हातात पेटती वात घेऊन. ही वात किती वेळात जळेल याची खात्री कोणालाच नव्हती.

ती खात्री बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्सने १९१५ मध्ये दिली. त्याच्या गोळ्यात वात पेटवण्याचे काम शिपायाकडे राहिले नाही. पिन काढली तरी बाजूचा खटका मुठीत दाबून धरलेला असेपर्यंत काही होत नाही. गोळा हातातून सुटला की खटका उडतो, आतली स्प्रिंग सुटते आणि मग वात पेटते. त्यानंतर मोजून पाच सेकंद, पुढच्या नमुन्यांत चार. साधी वाटणारी ही युक्ती फार मोठी होती. वात हातात पेटायची ती आता हवेत पेटू लागली. अननसासारख्या ज्या खाचा सिनेमातल्या हातगोळ्यावर दिसतात, त्या तुकडे नीट व्हावेत म्हणून आहेत असा समज आहे. खरे तर त्या चिखलाने निसरड्या झालेल्या हाताला पकड मिळावी म्हणून होत्या. तुकडे कसेही होत, कधी बारीक, कधी मोठे, आणि एखादा मोठा तुकडा फेकणाऱ्यापर्यंतही परत येई. म्हणून फेकून लगेच आडोसा घ्यायचा हा नियम झाला.

या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. खंदकात हातगोळे फेकणाऱ्या शिपायांना साहजिकच ग्रेनेडिअर म्हणू लागले. त्यावर लंडनच्या ग्रेनेडिअर गार्ड्‌सनी हरकत घेतली, कारण ते नाव त्यांच्या मानाचे होते. तेव्हा खऱ्या हातगोळेवाल्यांना ‘बॉम्बर’ हे नाव देण्यात आले. गाविलगडला नाव होते आणि गोळा नव्हता. इथे गोळा होता, तर नाव मिळाले नाही.

मिल्सच्या गोळ्याचा १९१८ चा नमुना म्हणजे ‘३६ नंबर’. तो भारतीय सैन्यात स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके राहिला. एका शस्त्राचे आयुष्य म्हणून हे फारच लांब आहे. त्याची जागा घेणारा नवा गोळा विदर्भात तयार झाला. डीआरडीओच्या चंडीगडच्या प्रयोगशाळेने आखलेल्या ‘मल्टी-मोड हँड ग्रेनेड’चे कंत्राट १ ऑक्टोबर २०२० ला नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्‌ज या कंपनीला मिळाले, दहा लाख गोळ्यांचे. २४ ऑगस्ट २०२१ ला नागपुरात संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत ते सैन्याकडे सुपूर्द झाले. याचे कवच प्लॅस्टिकचे आहे. बाहेरून एक वेगळा तुकड्यांचा पट्टा बसवता येतो. पट्टा असेल तर आडोशाला राहून बचावासाठी फेकायचा, नसेल तर पुढे चाल करत असताना फेकायचा. तुकडे आधीच एकसारखे बनवलेले असतात. मिल्सने वातीचा धोका शिपायाच्या हातातून काढला होता, या गोळ्याने तुकड्यांचा धोकाही कमी केला. शिपायाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले आणि त्याबद्दल मला शंका नाही.

हातगोळ्याचे आणखी एक घराणे आहे, ते पोलिसांकडचे. अमरावतीने नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्याने मे २०२३ मध्ये दंगल आणि संचारबंदी पाहिली. अशा वेळी बंदुकीच्या आधीचा उपाय म्हणून पोलीस ज्या गोष्टी बाळगतात त्यांत अश्रुधुराची नळकांडी असतात. काही बंदुकीतून डागायची, काही हाताने फेकायची. ही हाताने फेकायची नळकांडी म्हणजे हातगोळाच, आत लोखंडाऐवजी धूर. सीमा सुरक्षा दलाचा ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला अश्रुधूर विभाग १९७६ पासून आहे. वातीचा जुना पेच इथेही सुटलेला नाही. नळकांडे पडल्यावर धूर सोडत राहते, आणि जमावातला कोणीतरी ते ओल्या फडक्याने उचलून परत फेकतो. म्हणून काही नळकांडी जमिनीवर पडल्यावर उड्या मारत फिरतील अशी बनवतात. चौदाव्या लुईच्या ग्रेनेडिअरला हा प्रश्न ओळखीचा वाटला असता.

या घराण्याबाबत एक विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९३ मध्ये सह्या झालेल्या आणि १९९७ पासून अमलात असलेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने अश्रुधुरासारखे पदार्थ युद्धाचे साधन म्हणून वापरायला बंदी घातली आहे, आणि देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी त्यांना सूट ठेवली आहे. म्हणजे सीमेवर शत्रूवर जे फेकता येत नाही, ते शहरातल्या चौकात स्वतःच्या नागरिकांवर फेकता येते. याला कारण दिले जाते ते असे, की रणांगणावर एका वायूला उत्तर म्हणून दुसरा, जास्त जहरी वायू येण्याची भीती असते. ते खरेही आहे. पण अरुंद गल्लीत, दार बंद करून बसलेल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत तो धूर जातो तेव्हा त्या सेकंदांचा धोका पोलीस आणि दंगेखोर या दोघांव्यतिरिक्त तिसऱ्याच्या वाट्याला आलेला असतो.

आणि इथे मला मूळ प्रश्नाचे आजचे उत्तर दिसते. धोका फेकणाऱ्याच्या हातातून गेला, पण तो नाहीसा झाला नाही. तो मागे सरकला. गोळा भरला जातो तिथे, साठवला जातो तिथे, जुना झाल्यावर नष्ट केला जातो तिथे. आमच्याकडे विदर्भात ही सगळी ठिकाणे आहेत. वर्धा नदीच्या एका काठाला अमरावती जिल्हा आहे आणि पलीकडे पुलगाव. तिथे सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली आणि दोन अधिकाऱ्यांसह आगीशी झुंजणारे अग्निशमन दलाचे अनेक जवान गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला, सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते.

अमरावती-नागपूर महामार्गावर नागपूरच्या अलीकडे बाजारगाव लागते. १७ डिसेंबर २०२३ ला तिथल्या सोलर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार मृत्यू पावले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. तिथे त्या वेळी हातगोळे भरत नव्हते, बूस्टर म्हणून वापरायची स्फोटके तयार होत होती. पण हातगोळा बनवणारी कंपनी याच उद्योगसमूहातली आहे आणि काम त्याच जातीचे आहे : भरणे, तोलणे, बंद करणे, खोक्यात ठेवणे. सहा महिन्यांनी, १३ जून २०२४ ला, त्याच रस्त्यावर धामण्याजवळच्या दुसऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. तिथेही गेलेल्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत आठ कामगार गेले.

हातगोळ्याच्या सुरुवातीच्या काळात हे काम धिप्पाड, उंच, निवडलेल्या पुरुषांचे होते. त्यांना वेगळी टोपी होती, पलटणीच्या टोकाला उभे राहण्याचा मान होता, कधी जास्तीची बक्षिसी होती. धोका आणि मान एकत्र चालत. आज हातगोळा फेकणारा शिपाई पूर्वीपेक्षा सुरक्षित आहे आणि मान त्याच्याकडेच आहे, तो असायलाही हवा. मात्र वातीजवळ जी उभी आहे ती पहाटे डबा भरून गावातून कंपनीच्या गाडीत बसणारी, बारावी झालेली किंवा शाळा अर्धी सोडलेली मुलगी आहे. तिच्यापुढे कापूस वेचण्याच्या मजुरीचा पर्याय असतो, आणि कारखान्याचा पगार त्याहून बरा व नेमाचा असतो. तिला कोणी ग्रेनेडिअर म्हणत नाही. स्फोट झाल्यावर नुकसानभरपाईचा आकडा जाहीर होतो, चौकशी समिती नेमली जाते आणि चार दिवसांनी पान उलटते.

संरक्षण उत्पादनात विदर्भ पुढे येतो आहे याचा आनंद मलाही आहे. कापसाचे भाव आणि पाऊस यांपलीकडे या भागाला काही मिळते आहे. पण शस्त्रांचा इतिहास लिहिताना आपण तोफेची लांबी, गोळ्याचे वजन आणि सेनापतीचे नाव लिहितो, आणि वाहणारे, भरणारे, मोडणारे हात गाळतो. मेळघाटात तोफा ओढणाऱ्यांचे असेच झाले. कोरेगावच्या स्तंभावर निदान शिपायांची नावे दगडात आहेत, आणि त्या नावांमुळेच शंभर-सव्वाशे वर्षांनी त्यांच्या वंशजांना आपला हक्क सांगता आला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, तेव्हा त्यांच्यासमोर ती नावे होती.

बाजारगाव, धामणा, भंडारा, सोनेगाव आबाजी इथे गेलेल्यांची नावे सध्या वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत आणि पोलिसांच्या पंचनाम्यांत आहेत. हातगोळ्याच्या इतिहासात त्यांची जागा गाविलगडच्या खिंडारात पहिल्यांदा शिरलेल्या माणसांइतकीच पुढची आहे, असे मला वाटते. ती नावे एकत्र करून कुठेतरी दगडात कोरण्याचे काम कारखान्यांनी, सैन्याने किंवा सरकारने करावे. कोणीच केले नाही, तर आसपासच्या गावांनी करावे.